काकाने पुतण्याला सीट सोडली

काका-पुतण्या म्हटलं की मराठी माणसाच्या डोक्यात काय काय येतं ते सांगायला नको, शनिवारवाड्यातल्या "काका मला वाचवा" पासून ते थेट आजच्या बातम्यांपर्यंत, आणि बहुतेक गोष्टींचा शेवट भांडणातच. मी जी गोष्ट सांगणार आहे त्यात भांडण नाहीये, आणि म्हणूनच ती मला जास्त खटकते. 1741 साली इंग्लंडमधल्या डर्बीशर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, खासदाराने आपली सीट पुतण्याला सोडली. पुतण्या जेमतेम एकविशीतला. पुढे 1756 ला तो ब्रिटनचा पंतप्रधान झाला. आणि सीट सोडणाऱ्या काकाचं नाव आज कोणी घेत नाही, म्हणजे राजकारणी म्हणून तरी नाही.

काकाचं नाव लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिश. जन्म 1704, ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या घरातला धाकटा मुलगा. हे घराणं म्हणजे चिल्लर नव्हे, 1688 ला राजा बदलायला विल्यम ऑफ ऑरेंजला पत्र लिहून बोलावणाऱ्या सात जणांमध्ये चार्ल्सचे आजोबा होते आणि त्याचं बक्षीस म्हणून 1694 ला त्यांना ड्यूक केलं. आईकडचे आजोबा, लॉर्ड रसेल, तर राजाविरुद्ध कट केल्याच्या आरोपाखाली 1683 ला शिरच्छेद झालेले. म्हणजे दोन्हीकडून राजकारण रक्तात, असं आपल्याकडे म्हणतात तसं. (रक्तात राजकारण असतं यावर माझा विश्वास नाही, रक्तात हिमोग्लोबिन असतं, पण ते जाऊ दे.)

हा माणूस का निवडला ते सांगतो. घराणेशाहीवर वाद सुरू झाला की दहा मिनिटात कोणीतरी म्हणतंच, "अहो पण मुलगा हुशार आहे ना, शिकलेला आहे, काम करतो, मग साहेबांचा मुलगा असला म्हणून काय बिघडलं?" आणि समोरचा लगेच चार नालायक वारसदारांची नावं घेतो आणि मग वाद तिथेच फिरत बसतो, हा हुशार तो ढ. मला वाटतं ढ वारसदाराचं उदाहरण देऊन काहीच सिद्ध होत नाही, ढ माणसं तर स्वतःच्या जीवावर पण निवडून येतात की. उदाहरण घ्यायचं तर सगळ्यात चांगल्या वारसदाराचं घ्यावं. प्रामाणिक, अभ्यासू, कष्टाळू, कुठलंही लफडं नाही. चार्ल्स कॅव्हेंडिश तसा होता. तरीसुद्धा माझं म्हणणं आहे की त्याची सोळा वर्षांची खासदारकी ही मतदाराच्या दृष्टीने रिकामी जागाच होती, आणि त्यात दोष त्याचा फार थोडा होता.

पहिली सीट 1725 ला, वय एकवीस. गाव हेट्सबरी, विल्टशर मधलं. या हेट्सबरीत मत माणसाला नव्हतं, ठराविक घरजागांना होतं, अशा जागा सगळ्या मिळून 26, आणि त्या ज्याच्या ताब्यात त्याच्या खिशात खासदार. खिशातला मतदारसंघ हा शब्दच होता तिकडे. दोन वर्षांनी 1727 ला चार्ल्स वेस्टमिन्स्टरमधून खासदार, म्हणजे थेट लंडन, हजारो मतदार, देशातल्या सगळ्यात मोठ्या शहरी मतदारसंघांपैकी एक. मग 1734 ला डर्बीशर, जिथे घराण्याचा चॅट्सवर्थचा वाडा, जमिनी, कुळं सगळं, आणि जिथून त्याच्या आजोबांनी आणि वडिलांनी पण खासदारकी केलेली. बघा म्हणजे, 26 घरांचं गाव, मग राजधानी, मग डोंगराळ काउंटी, तिन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, तिन्हीकडे कॉमन एकच गोष्ट, उमेदवाराचं आडनाव.

इथे एक कायद्याची गंमत आहे. तेव्हाच्या नियमाप्रमाणे काउंटीचा खासदार व्हायचं तर जमिनीचं वर्षाला 600 पौंड उत्पन्न लागायचं, गाव-शहरातून उभं राहायचं तर 300. आणि लॉर्ड लोकांच्या थोरल्या मुलांना यातून सूट! म्हणजे ज्याला पुढे मागे सगळंच मिळणार आहे त्याला माफी आणि गावातल्या हुशार वकिलाला, डॉक्टरला, व्यापाऱ्याला दार बंद. चार्ल्स धाकटा त्यामुळे त्याला सूट नव्हती, पण ड्यूकच्या मुलाला 600 पौंडाची जमीन दाखवणं म्हणजे काय अवघड. शिवाय खासदाराला पगार नाही. पगार सुरू झाला 1911 ला, वर्षाला 400 पौंड. तोपर्यंत तिकडे पण हेच ऐकवायचे की सेवा म्हणून करतात, पैशासाठी नाही, आणि ते खरं पण होतं, कारण ज्यांना पैशाची गरज होती त्यांना आत सोडलंच नव्हतं.

आता मुख्य मुद्दा. चार्ल्सने डर्बीशरचा खासदार म्हणून नक्की काय केलं? डर्बीशरच्या मतदाराने त्याला हे विचारायचं ठरवलं असतं तर कसं विचारणार होता? 13 एप्रिल 1738 ला, म्हणजे चार्ल्स तिथला खासदार असतानाच, हाउस ऑफ कॉमन्सने ठराव केला की सभागृहातली भाषणं कोणी छापायची नाहीत, छापली तर हक्कभंग. कोणत्या खासदाराने कुठल्या बाजूला मत दिलं याच्या अधिकृत याद्या छापायला सुरुवात झाली 1836 पासून, जवळजवळ शंभर वर्षांनी. आणि याच काळात मतदाराचं मत मात्र उघड! गुप्त मतदान इंग्लंडमध्ये आलं 1872 ला. त्याआधी सगळ्यांसमोर उभं राहून नाव सांगायचं, कारकून लिहून घेणार, आणि बऱ्याच ठिकाणी निवडणूक झाली की कोणी कोणाला मत दिलं याचं चक्क पुस्तक छापून विकलं जायचं. मतदान केंद्रात जमीनदाराचा कारभारी उभा, आणि तुम्ही त्याच जमीनदाराचं कूळ. सांगा आता कोणाचं नाव घेणार. म्हणजे मालक कोण आणि नोकर कोण हे पूर्ण उलटं होतं, मतदाराचा हिशोब खासदाराकडे असायचा आणि खासदाराचा हिशोब कोणाकडेच नाही.

आणि यातला योगायोग असा की ह्याच माणसाने नंतर जे उपकरण बनवून नाव कमावलं ते होतं न बघता नोंद ठेवणारं थर्मामीटर. साधा थर्मामीटर तुम्ही बघता त्या क्षणाचं तापमान सांगतो, रात्री तीन वाजता किती थंडी होती हे कळायला रात्री तीनला उठावं लागतं. चार्ल्सने असे थर्मामीटर केले की तुम्ही तिथे नसतानाही सगळ्यात जास्त किंवा सगळ्यात कमी तापमान किती गेलं होतं ते नंतर कळेल. जास्तीत जास्त दाखवणाऱ्यात नळीत पाऱ्यावर स्पिरिट, गरम झालं की स्पिरिट वरच्या टोकातून ओसंडून छोट्या फुग्यात पडायचं, परत गार झालं की नळीत वर तेवढी जागा रिकामी दिसायची, ती मोजली की झालं. 1757 ला याबद्दल रॉयल सोसायटीने, म्हणजे लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेने, त्याला कोपली मेडल दिलं, तेव्हा विज्ञानातला तिथला सगळ्यात मोठा मान. 1773 ला कॅप्टन फिप्स उत्तर ध्रुवाच्या दिशेने जहाजं घेऊन गेला तेव्हा खोल समुद्राचं तापमान बघायला याचंच थर्मामीटर पाण्यात सोडलं. (त्या मोहिमेत नेल्सन नावाचा एक चौदा वर्षांचा पोरगा पण होता, होय तोच, पुढचा प्रसिद्ध ॲडमिरल. आणि तिकडे हे चालू असताना इकडे त्याच वर्षी शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला.) कोणी बघत नसताना काय घडलं याची नोंद राहिली पाहिजे हे ज्याला थर्मामीटरबाबतीत इतकं नीट कळत होतं तो सोळा वर्षं अशा सभागृहात बसला जिथे नोंद ठेवणं हाच गुन्हा. याबद्दल त्याला काय वाटत होतं मला माहीत नाही पण मला हे डोक्यातून जात नाही.

1741 ला चार्ल्स बाहेर पडला. वय फक्त सदतीस. आजकाल या वयाला युवा नेता म्हणतात. थोरल्या भावाचा, म्हणजे तिसऱ्या ड्यूकचा मुलगा मार्क्विस ऑफ हार्टिंग्टन (ही घराण्याच्या वारसाची पदवी) वयात आला होता, काउंटीची सीट त्याला पाहिजे, मग काकाने उठायचं. इतकं साधं. हॉलमध्ये पाहुणे आले की घरातलं माणूस खुर्ची सोडून बाजूला उभं राहतं तसं. 1751 ला तो पुतण्या वर लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात गेला, तर डर्बीशरला त्याचा भाऊ लॉर्ड फ्रेडरिक आला, 1754 ला अजून एक भाऊ लॉर्ड जॉर्ज. सीट घराण्याची, माणूस फक्त ती गरम ठेवायला. यात चार्ल्स हुशार होता की नव्हता याने काय फरक पडला? त्याच्याजागी मठ्ठ माणूस असता तरी 1734 ते 1741 तोच बसला असता आणि 1741 ला तोच उठला असता. हुशारी जिथे मोजलीच जात नाही तिथे "पण हुशार आहे ना" हे म्हणण्यात काय अर्थ आहे तुम्हीच सांगा.

बाहेर पडल्यावर मात्र माणूस फुललाय. रॉयल सोसायटीचा सभासद तो 1727 पासून होताच, तिथे पुढे उपाध्यक्ष झाला, वर्षानुवर्षं कमिट्यांवर काम केलं. वेस्टमिन्स्टरचा पूल, जो 1750 ला सुरू झाला, त्याच्या कमिशनर मंडळावर होता. 1753 ला ब्रिटिश म्युझियम स्थापन झालं त्याचा ट्रस्टी. घरी विजेचे प्रयोग. बेंजामिन फ्रँकलिनने याच्या प्रयोगांचं कौतुक करून वर तक्रार पण केलीये की हा इतकं अचूक काम करतो मग जगाला सांगत का नाही. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षात, 1733 ला गेली, दोन लहान मुलं मागे, परत लग्न केलं नाही. थोरला मुलगा हेन्री इतका लाजाळू की माणसांशी बोलताना त्रास व्हायचा, त्याला बापाने हाताला धरून सोसायटीच्या जेवणांना नेलं, स्वतःची उपकरणं दिली, लंडनच्या ग्रेट मार्लबरो स्ट्रीटच्या घरी स्वतःजवळ ठेवलं. तोच तो हेन्री कॅव्हेंडिश, हायड्रोजनवाला, ज्याने 1798 ला पृथ्वीची घनता मोजून दाखवली. आपल्या अकरावी-बारावीच्या पुस्तकातला. हेन्री आयुष्यात कधी खासदार झाला नाही आणि देवाची कृपा की झाला नाही.

इथे कोणीतरी मला पकडणार, की बघा, घराण्याचा पैसा आणि रिकामा वेळ होता म्हणून विज्ञान झालं, म्हणजे घराणेशाहीचा फायदाच. अर्धं मान्य. पैसा वारशातच आला होता, कुळांच्या खंडावर उभा होता, ते झाकायचं कारण नाही. पण एक फरक आहे, ड्यूकचा मुलगा म्हणून पारा वर चढत नाही. रॉयल सोसायटीत लॉर्डला सभासद करून घेतील, खुर्ची देतील, पण थर्मामीटर चुकीचा दाखवत असेल तर दुसऱ्याच दिवशी कोणीही साधा घड्याळजी तो खोटा पाडू शकतो. तिथे चार्ल्सला हरायची सोय होती म्हणून त्याच्या जिंकण्याला किंमत आली. डर्बीशरमध्ये ती सोय नव्हती. पुढे याच घराण्यातल्या सातव्या ड्यूकच्या पैशातून केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा 1874 ला उभी राहिली, आपल्या मुंबईचे होमी भाभा तिथे काम करून आले. तिथे सीट मिळवायला आडनाव कॅव्हेंडिश असावं लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो मी टाळणार नाही. थोरला पिट, जो पुढे पंतप्रधान झाला, 1735 ला पहिल्यांदा निवडून आला तो ओल्ड सेरम नावाच्या जवळजवळ ओसाड टेकडीवरून, जिथे मतदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ती जागा घराण्याची, कारण आजोबांनी विकत घेतली होती, आणि आजोबा म्हणजे मद्रासचा गव्हर्नर थॉमस पिट, हिऱ्यांच्या व्यापारात गबर झालेला. म्हणजे इकडच्या पैशातून तिकडची सीट, ते पण लक्षात असू द्या. एडमंड बर्क, तिकडचा मोठा विचारवंत खासदार, तोसुद्धा 1765 ला आला तो खिशातल्या मतदारसंघातूनच, वेंडोव्हर मधून. यावरून तिकडचे शहाणे लोक पुढे 1832 ला मतदारसंघांची सुधारणा होईपर्यंत म्हणत राहिले की ही पद्धत वाईट दिसते पण ती गुणी पोरांना लवकर आत आणते, उघड निवडणुकीत पिट-बर्क आलेच नसते. बरं. पण या हिशोबात फक्त आलेल्यांची नावं आहेत. न आलेल्यांची यादी कोण करणार? त्या 600 पौंडाच्या दारावर किती बर्क उभे राहून परत गेले त्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत, आणि म्हणून हा युक्तिवाद कायम जिंकतो. लॉटरी लागलेल्या माणसाचा फोटो छापतात तसं आहे हे. शिवाय डर्बीशरच्या दुसऱ्या सीटवर त्या वेळी कोण होतं माहितीये? सर नॅथॅनिएल कर्झन, विरुद्ध पक्षाचा, केडलस्टनच्या वाड्यातला. याच घराण्यातला जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन 1899 ला आपल्या बोडक्यावर व्हाइसरॉय म्हणून आला. सत्ताधारी पण वाड्यातले, विरोधक पण वाड्यातले, मतदाराने निवड कशात करायची, वाड्याच्या खिडक्यांत?

आपल्या भाषेत याला फार अचूक शब्द आहे, वतन. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण्याचं वतन. वतनदार चांगला की वाईट हा प्रश्न गावाला पडत नसे, वतन त्याचंच. आणि विनोद बघा, ज्यांच्या स्वतःच्या संसदेतलं दोनपैकी एक सभागृह मुख्यतः वंशपरंपरेने भरत होतं त्या इंग्रजांनी मुंबई इलाख्यात वतनांसाठी 1874 ला वेगळा कायदा केला. त्याच कायद्यात दुरुस्ती करायला बाबासाहेबांनी 1928 ला मुंबईच्या कायदे मंडळात महार वतनाचं विधेयक मांडलं. वतन वरच्याला खुर्ची देतं आणि खालच्याला बांधून ठेवतं, दोन्ही एकाच कागदावर. त्यामुळे "वतनदार भला माणूस आहे हो" हे ऐकून बाबासाहेबांचं समाधान झालं नसतं आणि माझंही होत नाही.

तिकडे हे सगळं कधीच संपलं असं समजू नका. लॉर्ड्समधले वंशपरंपरागत सभासद 1999 च्या कायद्याने काढले, पण 92 जण तडजोड म्हणून ठेवले, आणि त्यातला कोणी गेला की जागा भरायला पोटनिवडणूक व्हायची! 2016 च्या अशा एका पोटनिवडणुकीत उमेदवार सात आणि मतदार तीन. व्हायकाउंट थर्सोला तिन्हीच्या तिन्ही मतं पडली. हेट्सबरीची 26 घरं यापुढे महाप्रचंड लोकशाही वाटते. गंमत म्हणजे हाच थर्सो 1999 ला लॉर्ड्समधून बाहेर काढला गेल्यावर 2001 पासून खरोखर लोकांमधून तीनदा निवडून आला होता, 2015 ला पडला, आणि वर्षभरात मागच्या दाराने परत आत. लोकांनी घरी पाठवलेला माणूस तीन मतांवर आत! उरलेल्यांना काढायचं विधेयक 2024 ला आणलं गेलं.

पण मला या सगळ्यात सगळ्यात आवडणारी निवडणूक 1944 ची आहे, परत डर्बीशरच, वेस्ट डर्बीशर मतदारसंघ. 1923 ते 1938 तिथे कॅव्हेंडिश घराण्याचा वारस खासदार, तो ड्यूक होऊन लॉर्ड्समध्ये गेला तर त्याच्या बहिणीचा नवरा हेन्री हन्लोक आला, आणि 1944 ला हन्लोकने राजीनामा दिला तेव्हा उमेदवार कोण, तर ड्यूकचा मुलगा, पुन्हा एक मार्क्विस ऑफ हार्टिंग्टन. म्हणजे 1741 ला काकाने सोडली तशी आता आत्याच्या नवऱ्याने सोडली, दोनशे वर्षं झाली तरी पद्धत तीच. युद्ध चालू, मोठ्या पक्षांनी एकमेकांविरुद्ध लढायचं नाही असं ठरवलेलं, चर्चिलने स्वतः पाठिंब्याचं पत्र लिहिलेलं, पोरगा वर्दीतला, तरुण, वाईट म्हणावं असं काही नाही. आणि तो पडला, साधारण साडेचार हजार मतांनी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो बेल्जियममध्ये लढताना मारला गेला, म्हणजे माणूस भेकड किंवा नालायक म्हणून लोकांनी पाडला असं कोणी म्हणू शकत नाही. या वेळी मतपेटी गुप्त होती, वर्तमानपत्रं होती, आणि समोर बूट दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा चार्ली व्हाइट अपक्ष उभा होता.

आता प्रामाणिकपणे पूर्ण सांगायचं तर या व्हाइटचा बाप पण 1918 ते 1923 त्याच वेस्ट डर्बीशरचा खासदार होता. म्हणजे तोही साहेबांचा मुलगाच. माझे एक काका, ज्यांच्याशी मी हा वाद कायम घालतो, ते यावर मोठ्याने हसले आणि म्हणाले, बघ, शेवटी बापाचं नाव लागतंच. मी त्यांना एवढंच विचारलं की बाप 1923 ला गेला आणि पोरगा 1944 ला आला, मधली एकवीस वर्षं ती सीट कोणी त्याच्यासाठी गरम ठेवली होती का?